जुन्नरच्या डोंगरांतील यवन

शिवनेरीचे नाव २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या त्या मालिकेत शिवरायांचे जन्मस्थान असणे स्वाभाविकच होते. गडावर येणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी फार थोड्यांचे लक्ष मात्र गडाच्या कड्यात खोदलेल्या बौद्ध लेण्यांकडे जाते. किल्ल्याच्या कित्येक शतके आधीची ही लेणी आहेत. त्यांतल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. गत येथील, अथवा गतांपैकी, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला, एवढाच तिचा आशय. असे आणखी दोन लेख जुन्नरच्या लेण्यांत आहेत. इरिल या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची खोदीव टाकी, दान दिली. चंद नावाच्या यवनाने मानमोडी डोंगरातील भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाचे दर्शनी द्वार करवून दिले. चंदाच्या द्वारावर कमानीच्या आत गजलक्ष्मी कोरलेली आहे.

सह्याद्रीच्या ऐन माथ्यालगत, समुद्रापासून घाट चढून आल्यावर लागणाऱ्या या गावात हे यवन कोण होते? स्थानिक वाटाडे सरळ ‘रोमन लोक’ असे सांगून मोकळे होतात. काही पुस्तकांत ‘ग्रीक’ असे म्हटलेले आढळते. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण यांतले कोणते एक निवडावे हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. तो नीट मांडायचा तर काही काळ जुन्नर सोडून भूमध्य समुद्राकडे जावे लागते.

प्रथम शब्दाविषयी. बखरींमध्ये यवन हा शब्द मुसलमान सत्ताधाऱ्यांसाठी सर्रास येतो आणि मराठी वाचकाच्या कानाला तोच अर्थ सवयीचा आहे. प्राचीन लेखांतील अर्थ निराळा. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी लोक ग्रीकांना ‘यौन’ म्हणत. आपल्याकडे त्याचे यवन, योन, योनक असे झाले. पाणिनीला ‘यवनानी’ हा शब्द ठाऊक होता, अशोकाच्या शिलालेखांत योन येतात. हे झाले शिकंदराच्या आगेमागे वायव्येकडून परिचित झालेले ग्रीक. जुन्नरच्या लेखांची अक्षरवटिका मात्र ख्रिस्ताब्दाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांकडे बोट दाखवते. तोवर ग्रीकांच्या जगाचा मालक बदललेला होता.

तो कसा बदलला, हे थोडक्यात पाहण्याजोगे आहे. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि सिसिलीत ग्रीकांनी वसवलेली अनेक नगरराज्ये होती. रोम ही त्यांची उत्तरेकडची, आरंभी फारशी न जाणवणारी शेजारीण. या शेजारणीशी प्रत्येक नगराने आपापल्या अंदाजाने संबंध ठेवले. नेआपोलिसने, म्हणजे आजच्या नेपल्सने, इ. स. पूर्व ३२६ मध्ये रोमशी तह केला आणि पुढे कित्येक पिढ्या आपली भाषा, आपले उत्सव सांभाळले. टारेंटमने उलट बाजूने डाव टाकला. रोमला अडवण्यासाठी त्याने एपिरसचा राजा पिऱ्हस याला इ. स. पूर्व २८० मध्ये समुद्रापलीकडून बोलावले. पिऱ्हसने लढाया जिंकल्या. पण त्या इतक्या महाग पडल्या की शेवटी टारेंटम रोमच्याच हाती गेले. सिराक्यूजचा राजा हिएरॉन दुसरा याने सुमारे अर्धशतक रोमशी निष्ठेने मैत्री राखली. त्याच्या मृत्यूनंतर नगराने कार्थेजची बाजू घेतली आणि इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने ते लुटले. आर्किमिडीज मारला गेला तो या लुटीत.

खुद्द ग्रीसमध्ये तर रोमन प्रवेशाची सुरुवात मुक्तीच्या घोषणेने झाली. इ. स. पूर्व १९६ मध्ये इस्थमसच्या क्रीडोत्सवात रोमन सेनापती फ्लॅमिनायनसने ग्रीक नगरे स्वतंत्र असल्याचे जाहीर केले, तेव्हा जमावाने प्रचंड जल्लोष केला. बरोबर पन्नास वर्षांनी, इ. स. पूर्व १४६ मध्ये, दुसऱ्या रोमन सेनापतीने त्याच इस्थमसलगतचे कोरिंथ शहर जमीनदोस्त केले. मैत्री, संरक्षण आणि मग स्वामित्व हा क्रम आपल्याला तैनाती फौजेच्या इतिहासावरून अपरिचित नाही. इ. स. पूर्व ३० मध्ये क्लिओपात्राचा इजिप्त रोमच्या ताब्यात आला आणि शिकंदराच्या सेनापतींनी उभारलेल्या मोठ्या ग्रीक राज्यांपैकी शेवटचे राज्य संपले.

येथून आपला संबंध सुरू होतो. इजिप्त हाती येताच तांबड्या समुद्रातील बंदरे रोमच्या कारभाराखाली आली. मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जाऊ लागली असे भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पंचवीस टक्के जकात होती. थोरला प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स खेचून घेतो. आकडा कितपत नेमका हे सोडून देऊ. तक्रार करावी इतकी रक्कम मोठी होती, हे नक्की. या व्यापारात भांडवलदार, गिऱ्हाईक आणि करवसुली करणारे सरकार रोमचे असले तरी जहाजावरची भाषा ग्रीक होती. अलेक्झांड्रियाचे व्यापारी, त्यांचे दलाल, हिशेब लिहिणारे कारकून यांचा सारा व्यवहार ग्रीकमध्ये चाले. केरळातील मुझिरिस बंदराशी केलेल्या एका व्यापारी कर्जाचा करारनामा आणि परतीच्या मालाचा हिशेब दुसऱ्या शतकातील पपायरसच्या एका तुकड्यावर सापडला आहे. तोही ग्रीकमध्येच आहे. जहाजाचे नाव हर्मापोलॉन. तेव्हा किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसाला आपल्या लोकांनी रोमक न म्हणता यवन म्हटले, यात नवल नाही. राज्य रोमचे आणि माणूस ग्रीक, असा तो मामला होता. त्यात सीरियाचे, इजिप्तचे, कदाचित अरबस्तानचेही लोक ग्रीक बोलत मिसळलेले असणार.

याच ग्रीकमध्ये, पहिल्या शतकाच्या मध्याला, एका अनाम व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचे टिपण लिहिले. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासासाठी त्याचे मोल फार मोठे आहे. लेखक बरुगाझा म्हणजे भडोचचे बंदर तपशिलाने वर्णितो. तेथे इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि काच येई; राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि देखण्या दासी आणल्या जात. पैठणहून गोमेद-अकीकासारखे खडे आणि तगर म्हणजे तेरहून कापड गाड्यांनी भडोचला जाई. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी दहा दिवसांच्या, असे तो सांगतो. वाटा बिकट होत्या, हेही.

नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट खटकते. पैठणचा माल समुद्रावर न्यायला भडोच हा लांबचा पल्ला. जवळची वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याणला जाते. कुकडीच्या खोऱ्यातून घाटमाथा गाठायचा, घाट उतरला की मुरबाडचा प्रदेश आणि पुढे खाडी. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून आहुपे घाटही मुरबाडच्याच बाजूला उतरतो. घोड आणि कुकडी या दोन्ही नद्यांची खोरी अशी घाटवाटांनी कोकणाला जोडलेली आहेत. सातवाहनांनी नाणेघाटाला किती महत्त्व दिले होते, हे घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आणि राजकुलाच्या प्रतिमा कोरवल्या यावरून दिसते. (घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाला जकातीचा रांजण म्हणतात. ही लोकांतली समजूत आहे. लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी आहे, जकातीची नाही.) मग ही वाट सोडून माल भडोचला का जात होता?

पेरिप्लसकर्त्याने त्याचे कारण एका वाक्यात दिले आहे. थोरल्या सारगनसच्या, म्हणजे कोणा सातकर्णीच्या, काळात कल्लिएना ही रीतसर व्यापारपेठ होती. पुढे ती संदनस याच्या ताब्यात गेली आणि तेथे अडथळे सुरू झाले. एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे लागलेच तर पहारा बसवून ते भडोचला नेले जाते. हा संदनस नेमका कोण यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी त्याला सातवाहन कुळातला मानतात, कोणी क्षत्रपांच्या बाजूचा सरदार. परिणाम मात्र स्पष्ट आहे. भडोच क्षत्रपांचे होते आणि जकात भडोचला मिळणार होती.

या वाक्यातील ‘ग्रीक जहाज’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. लिहिणारा रोमन साम्राज्याचा प्रजाजन, काळ रोमच्या ऐन भराचा, आणि तरीही जहाजे ग्रीक. दुसरे असे की ज्यांच्या धन्यांनी कोरिंथ आणि सिराक्यूज लुटले, त्यांची जहाजे कल्याणच्या खाडीत पहाऱ्याखाली हाकलली जात होती आणि त्याविरुद्ध काही करणे कोणाच्याही आवाक्यात नव्हते. रोमचे सैन्य तांबड्या समुद्राच्या अलीकडे कोकणापर्यंत पोहोचत नव्हते. भूमध्य समुद्रात रोमन आणि ग्रीक यांच्यातले नाते जेते आणि जित असे होते. दख्खनमध्ये दोघेही परदेशी गिऱ्हाईक आणि नियम येथल्या राजांचे. आपल्याकडे ‘रोमन वसाहत’ असा शब्द सहज वापरला जातो, तो म्हणूनच दिशाभूल करणारा आहे.

सातवाहन आणि क्षत्रप यांच्या या ओढाताणीत जुन्नर अगदी मध्यावर सापडले. मानमोडी डोंगरात राजा महाक्षत्रप नहपान याचा वत्स गोत्राचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६. म्हणजे त्या वर्षी घाटमाथ्याची ही पेठ क्षत्रपांकडे होती. हे वर्ष शक संवताचे मानले तर इ. स. १२४ येते. पेरिप्लसमध्ये भडोचच्या राजाचे जे नाव आहे ते नहपानाचेच असे मानणारे अभ्यासक मात्र त्याला पहिल्या शतकाच्या मध्यात नेतात आणि ४६ हे निराळ्या गणनेचे वर्ष ठरवतात. दुसरे मत मला अधिक पटते, कारण त्यात भडोचचा राजा आणि कल्याणची अडवणूक एकाच चित्रात बसतात. वाद मिटलेला नाही, हे खरे. कल्याणची कोंडी झाली की त्याची झळ नाणेघाटाला आणि पर्यायाने जुन्नरला लागणार, हे दोन्ही मतांत सारखेच.

या ओढाताणीची खूण जुन्नरच्या दात्यांमध्येही दिसते. कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराने येथे पोढी दिली आहे. भरुकच्छच्या म्हणजे भडोचच्या बुधमित आणि बुधरखित या भावांनी दोन खोल्यांचे लेणे दिले आहे. एकमेकांचा व्यापार तोडू पाहणाऱ्या दोन्ही बंदरांचे लोक एकाच गावातील भिक्षूंना दान देत होते. कोणाचे राज्य केव्हा होते यावरून या दानांचा क्रम लावता आला तर मोठी बहार येईल. पण बहुतेक लेखांना वर्षच नाही. लेण्याद्रीला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. आडुथुम नावाच्या शकाने करंजाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. यवन या सगळ्यांत एक होते, त्यांच्याहून वेगळे नव्हते.

दानांची तुलना केली तर हे अधिकच जाणवते. महाक्षत्रपाच्या अमात्याने काय दिले? एक पोढी आणि एक मंडप. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने भोजनमंडप दिला. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात ठणठणाट अशा डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना पाणी साठवण्याची जागा सर्वांत आधी लागे. राजाच्या मंत्र्याला जे सुचले तेच परदेशी व्यापाऱ्याला सुचले. शिवाय संघाला दिलेले दान म्हणजे बाजारातील पतही होती. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेवीने गुंतवले आणि त्यातील २००० वर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरवले. लेणी, श्रेणी आणि व्यापारी मार्ग यांचा हा एकच गुंता आहे. ज्याला या वाटेवर वर्षानुवर्षे व्यापार करायचा आहे त्याचे नाव लेण्यात असणे फायद्याचे होते. म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही.

आता नावांकडे वळू. इरिल, चिट, चंद. यांत चंद हे उघड चंद्र आहे. चिट हे चित्र किंवा तत्सम असावे. इरिल तेवढे परके वाटते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी खांब दिल्याचे अनेक लेख आहेत आणि तेथेही सिहधय म्हणजे सिंहध्वज, यसवधन म्हणजे यशोवर्धन अशी नावे भेटतात. नाशिकला उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा योनक इंद्राग्निदत्त आहे, त्याचा पिता धर्मदेव. या नावांवरून काही विद्वानांनी या यवनांना केवळ नावाचे यवन ठरवले. दुसऱ्या टोकाला नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये ‘गत’ म्हणजे युरोपातील गॉथ जमात असा तर्क मांडला. इरिल आणि चिट हे गॉथ जुन्नरला आले ही कल्पना रम्य आहे, पण तिला आधार केवळ ध्वनिसाम्याचा. गत हे गावाचे किंवा कुळाचे नाव मानणे अधिक सुरक्षित.

नाव बदलले म्हणून माणूस परका नव्हता असे होत नाही. धर्म स्वीकारताना नवे नाव घेण्याची रीत होती आणि घरातले एक, बाजारातले दुसरे अशी नावे परदेशात राहणारे मराठी लोक आजही वापरतात. यांतले काही वायव्येकडच्या जुन्या ग्रीक घराण्यांचे वंशज असतील, काही समुद्रमार्गे आलेले असतील. पेरिप्लसकर्ता सांगतो की भडोचला त्याच्या काळीही मिनँडर आणि अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी चालत होती. म्हणजे दोन्ही प्रकारचे ग्रीक एकाच पेठेत समोरासमोर येत होते. इरिल मात्र आपल्या लेखात स्वतःला ‘यवन’ म्हणवतो, आणि ते लिहितो प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत. ओळख ठेवायची पण ती येथल्या लोकांना वाचता येईल अशी, असे हे धोरण दिसते.

याच्या अगदी उलट गंमत नहपानाच्या नाण्यांवर आहे. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे मस्तक रोमन दिनाराच्या धर्तीवर आणि भोवती ग्रीक अक्षरे. पण अक्षरे ग्रीक असली तरी शब्द प्राकृत आहेत. ‘क्षहरात राजा नहपानाचे’ एवढेच ते सांगतात. एका बाजूला यवन ब्राह्मीत लिहितो, दुसऱ्या बाजूला शक राजा प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत छापतो. या नाण्यांची चांदी रोमन दिनार वितळवून मिळवली असावी असे काही अभ्यासकांना वाटते. दक्षिणेत कोइमतूरकडे रोमन नाण्यांचे मोठे साठे सापडतात, पश्चिम महाराष्ट्रात मात्र तुलनेने फारच कमी, हे त्यामुळे समजण्यासारखे होते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. वाटा आणि बाजार पुन्हा सातवाहनांकडे आल्याचा याहून बोलका पुरावा नाही.

मालाचा पुरावा मात्र जरा जपून हाताळावा लागतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती हा निर्विवाद भूमध्य समुद्राकडचा ऐवज आहे. इटलीतील पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, तेथे १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे जवळचे साम्य जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या मूर्तीशी आहे. मद्याच्या कुंभांचे, म्हणजे अँफोराचे, तुकडे मात्र पूर्वी सरसकट रोमन ठरवले जात. संशोधक रोबर्टा टॉम्बर यांनी ते पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले बरेच इराणी आखाताकडच्या निमुळत्या बुडाच्या कुंभांचे निघाले. प्रत्येक खापरावर रोमचा शिक्का मारण्याचा उत्साह त्यानंतर कमी झाला आहे.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. आपला पुत्र शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा होता, असा अभिमान तिने त्यात व्यक्त केला आहे. हा लेख वाचून जुन्नरला गेले की कोडे पडते. संहार झालेल्यांच्या दानांना कोणी हात लावलेला नाही. चंदाचे द्वार उभे आहे, चिटाचा लेख शाबूत आहे. राजप्रशस्तीतला यवन हा रणातला शत्रू, लेण्यातला यवन हा पेठेतला शेजारी. सातवाहनांच्या कारभाऱ्यांना दोहोंतला फरक नीट कळत होता असे दिसते.

वाहतूक एकेरीही नव्हती. एडन आखाताच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटावरील एका गुहेत भारतीय खलाशांनी ब्राह्मीत आपली नावे लिहून ठेवली आहेत, त्यांत भडोचचेही लोक आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात २०२२ मध्ये एका मंदिराच्या आवारात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. मूर्तीची घडण अलेक्झांड्रियाकडची असावी असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. इकडे यवन बौद्ध संघाला टाकी खोदून देत होता, तिकडे कोणी भारतीय व्यापारी यवनांच्या कारागिराकडून बुद्ध घडवून घेत होता. त्याच बेरेनिकेत दोन नाणीही मिळाली आहेत. ती रोमची नाहीत, दुसऱ्या शतकातील सातवाहनांची आहेत.